बायबल : संहिता, पाठभेद व अर्थविवरण

ख्रिस्ती धर्माचा पवित्र ग्रंथ जो बायबल, त्याची शब्दसंहिता कशी निश्चित झाली, तीत कोणते फेरफार झाले आणि तिचा अर्थ काळानुसार कसकसा बदलत गेला, ह्याचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. बायबल हे ईश्वरप्रेरित वचन होय, अशी ख्रिस्ती पंथांची श्रद्धा असल्यामुळे त्यात मानवाने बदल करावा काय, हा प्रश्न प्रथमदर्शनी अप्रस्तुत वाटतो. जुन्या करारातील ‘अनुवाद’ ह्या ग्रंथात, दिलेल्या आज्ञांत काही वाढवू नये व त्यांतून काही घटवू नये, असे बजावलेले आहे. नव्या कराराच्या अखेरीस असलेल्या ‘प्रकटीकरण’ ह्या ग्रंथाच्या शेवटीही तसाच कडक इशारा आढळतो. हा दुसरा इशारा मुळात त्या एका ग्रंथापुरता होता. परंतु तो ग्रंथ बायबलच्या शेवटी आल्यामुळे पुढे तो सबंध बायबलला लागू आहे, असे मानले जाऊ लागले. ग्रंथाच्या स्थानामुळे वचनाचा अर्थ विस्तारला, ही गोष्टही प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने बोलकी आहे.

इतिहास पाहता हा प्रश्न एक नसून तीन आहेत : कोणते ग्रंथ प्रमाण मानावयाचे, त्या ग्रंथांचे मूळ शब्द कोणते आणि त्या शब्दांचा अर्थ काय. ह्यांपैकी पहिल्या प्रश्नाचा निर्णय निरनिराळ्या चर्चसंस्थांनी आपापल्या परीने केला व तो बव्हंशी स्थिर झाला. दुसऱ्याचे उत्तर संशोधनाने आजही सुधारले जात आहे. तिसऱ्याचे उत्तर मात्र जवळजवळ प्रत्येक पिढीला पुन्हा शोधावे लागले आहे.

ग्रंथनिश्चिती : आरंभीच्या ख्रिस्ती समाजाचा धर्मग्रंथ म्हणजे यहुद्यांचे पवित्र ग्रंथ होत. ते बहुधा ‘सेप्टुअजिंट’ नावाच्या ग्रीक भाषांतरातून वाचले जात. ह्या भाषांतराचा आरंभ इ. स. पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रिया येथे झाला. येशूच्या चरित्राची शुभवर्तमाने आणि प्रेषितांची पत्रे ह्यांना धर्मग्रंथाचे स्थान क्रमाक्रमाने मिळाले. इ. स. १४४ च्या सुमारास रोममधील चर्चने बहिष्कृत केलेल्या मार्सियनने यहुदी ग्रंथ सर्वस्वी त्याज्य ठरविले आणि लूकचे शुभवर्तमान काटछाट करून व पौलाची दहा पत्रे एवढेच प्रमाण मानले. ह्याउलट टेशनने सु. १७० मध्ये चारही शुभवर्तमाने गुंफून एकच सलग कथन तयार केले. सिरियाक भाषिक चर्चमध्ये ते पाचव्या शतकापर्यंत आदराने वाचले जात होते. सायरसचा बिशप थिओडोरेट ह्याने आपल्या क्षेत्रातून त्याच्या दोनशेहून अधिक प्रती काढून घेतल्या व त्यांच्या जागी चार स्वतंत्र शुभवर्तमाने ठेवली. चार वृत्तांतांतील विसंगतींसह ते चारही राखावयाचे, हा चर्चचा निर्णय महत्त्वाचा होता. कारण त्यामुळे अर्थ लावण्याचे काम कायमचे वाचकाच्या वाट्याला आले.

आज प्रचलित असलेल्या नव्या करारातील २७ ग्रंथांची नेमकी यादी अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशिअस ह्याच्या ३६७ मधील पत्रात प्रथम मिळते. तथापि सर्वत्र एकमत नव्हते. ‘पेशिट्टा’ ह्या सिरियाक संहितेत मुळात २२ च ग्रंथ होते. जुन्या कराराबाबतचा मतभेद तर आजही कायम आहे. सेप्टुअजिंटमध्ये असलेले, परंतु हिब्रू ग्रंथसंग्रहात नसलेले काही ग्रंथ रोमन कॅथलिक व ऑर्थोडॉक्स पंथीय प्रमाण मानतात, तर प्रॉटेस्टंट पंथीय ते मानीत नाहीत. म्हणजे ‘बायबल’ हा शब्द उच्चारताच कोणाचे बायबल, हा प्रश्न उपस्थित होतो.

हस्तलिखितांची परंपरा : बायबलमधील कोणत्याही ग्रंथाची मूळ लेखकाच्या हातची प्रत उपलब्ध नाही. उपलब्ध आहेत त्या नकलांच्या नकला. नव्या कराराची ग्रीक हस्तलिखिते पाच हजारांहून अधिक असून त्यांतील पाठभेद लक्षावधी आहेत. त्यांपैकी बहुसंख्य पाठभेद वर्णलेखन, शब्दक्रम वा उघड हस्तदोष ह्यांसंबंधीचे आहेत. नकलकाराची नजर एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर घसरली, समासातील टीप संहितेत शिरली, एका शुभवर्तमानातील वाक्य दुसऱ्यातील वाक्याशी जुळवून घेतले गेले, अशी त्यांची कारणे दाखविता येतात. काही ठिकाणी मात्र बदल हेतुपूर्वक, म्हणजे अर्थ अधिक स्पष्ट वा अधिक सश्रद्ध व्हावा म्हणून, केलेला दिसतो.

हिब्रू संहितेच्या बाबतीत ‘मॅसोराइट’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या यहुदी विद्वानांनी सहाव्या ते दहाव्या शतकांदरम्यान विलक्षण दक्षता घेतली. मूळ व्यंजनलिपीला स्वरचिन्हे जोडणे, शब्द व अक्षरे मोजून त्यांच्या नोंदी समासात ठेवणे ही कामे त्यांनी केली. त्यांच्या परंपरेतील संपूर्ण जुन्या कराराची सर्वांत जुनी प्रत १००८ ची आहे. १९४७ पासून मृत समुद्राजवळच्या कुमरान येथील गुहांत सापडलेल्या हस्तलिखितांमुळे ही परंपरा सु. एक हजार वर्षे मागे जाऊन तपासता आली. ‘यशया’ ग्रंथाच्या संपूर्ण गुंडाळीने मॅसोराइट संहितेची एकंदर विश्वसनीयता सिद्ध केली. परंतु त्याच गुहांतील ‘यिर्मया’ ग्रंथाच्या हिब्रू तुकड्यांनी वेगळीच गोष्ट उघडकीस आणली. सेप्टुअजिंटमधील हा ग्रंथ हिब्रू ग्रंथापेक्षा सु. एक-अष्टमांशाने लहान आहे. तो भाषांतरकारांनी संक्षिप्त केला असावा, अशी जुनी समजूत होती. कुमरान येथे दोन्ही स्वरूपांचे हिब्रू अवशेष मिळाल्याने हा ग्रंथ एकाच काळी दोन रूपांत प्रचलित होता, हे स्पष्ट झाले.

जेरोम आणि भाषांतराचा पेच : पोप पहिला डॅमॅसस ह्याने ३८२ मध्ये लॅटिन शुभवर्तमानांच्या सुधारणेचे काम जेरोमकडे सोपविले. पुढे जेरोमने जुन्या कराराचे भाषांतर थेट हिब्रूवरून केले. सु. ४०५ पर्यंत पूर्ण झालेल्या ह्या कार्यातून ‘व्हल्गेट’ ही लॅटिन संहिता सिद्ध झाली. जेरोमला मूळ शब्दांकडे जावयाचे होते; परंतु लोकांना कानांत बसलेले शब्द हवे होते. उत्तर आफ्रिकेतील ईया (सध्याचे त्रिपोली) येथे योनाची कथा नव्या भाषांतरातून वाचली गेली, तेव्हा योनावर सावली धरणाऱ्या वेलीचे नाव बदललेले ऐकून उपासकांत गोंधळ उडाला व बिशपला माघार घ्यावी लागली, असे ऑगस्टीनने जेरोमला लिहिलेल्या पत्रावरून समजते. एका वनस्पतीच्या नावावरून मंडळी फुटण्याची वेळ यावी, ह्यात धर्मग्रंथाच्या संहितेचे सामाजिक स्वरूप दिसून येते. ज्यांच्या तोंडी ती पिढ्यान् पिढ्या असते, त्यांना तिच्यातील दुरुस्ती हीच मोडतोड वाटते. पुढे हजार वर्षांत व्हल्गेट स्वतःच कानांत बसली आणि तिला हात लावणे हे पाप ठरले.

प्राचीन अर्थविवरणपद्धती : वचने जशीच्या तशी ठेवूनही त्यांचा अर्थ अनेक प्रकारे लावता येतो, ही जाणीव प्रथमपासून होती. अलेक्झांड्रियाच्या ऑरिजेनने (सु. १८५–सु. २५४) वाच्यार्थापलीकडील आध्यात्मिक अर्थावर भर दिला. अँटिऑकच्या संप्रदायाने वाच्यार्थाचा व ऐतिहासिक संदर्भाचा आग्रह धरला. जॉन कॅशनने (सु. ३६०–सु. ४३५) वाच्यार्थ, रूपकार्थ, नैतिक अर्थ व पारलौकिक अर्थ अशी चतुर्विध विभागणी सांगितली. ती मध्ययुगात सर्वमान्य होती. ऑगस्टीनने (३५४–४३०) एक व्यापक कसोटी पुढे ठेवली : ज्या अर्थाने ईश्वराविषयीचे व शेजाऱ्याविषयीचे प्रेम वाढत नाही, तो अर्थ बरोबर कळला आहे असे समजू नये. सृष्टिविज्ञानाच्या बाबतीत बायबलचा आधार घेऊन अनुभवविरुद्ध विधाने केल्यास धर्मग्रंथच हास्यास्पद ठरतो, असाही इशारा त्याने दिला होता. लेरँसच्या व्हिन्सेंटने ४३४ मध्ये धर्मसिद्धांतातील वाढ आणि बदल ह्यांत भेद केला. बालकाचे शरीर वाढून प्रौढ होते, पण मनुष्य तोच राहतो, तशी ही वाढ असावी, असे त्याचे मत होते. नवा अर्थ म्हणजे जुन्याचीच वाढ की जुन्याचा त्याग, हा ह्यानंतरच्या जवळजवळ प्रत्येक वादातील कळीचा मुद्दा ठरला.

मुद्रण व इरॅस्मस : मुद्रणकलेमुळे संहितेला प्रथमच एकरूपता आली आणि तिच्यातील दोषही एकाच वेळी हजारो वाचकांसमोर आले. डेसिडेरिअस इरॅस्मसने (सु. १४६६–१५३६) १५१६ मध्ये बाझेल येथे ग्रीक नवा करार प्रसिद्ध केला. योहानाच्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात स्वर्गातील पिता, शब्द व पवित्र आत्मा हे तीन साक्षी एकच आहेत, असे एक वचन व्हल्गेटमध्ये होते. त्रैक्याच्या सिद्धांताचा तो सर्वांत स्पष्ट आधार मानला जाई. आपल्याजवळच्या ग्रीक प्रतींत ते न आढळल्याने इरॅस्मसने १५१६ व १५१९ च्या आवृत्त्यांतून ते वगळले. त्यावर पाखंडाचा आरोप झाला. ते वचन असलेली एक ग्रीक प्रत पुढे करण्यात आली तेव्हा १५२२ च्या तिसऱ्या आवृत्तीत त्याने ते छापले. ही प्रत त्याच सुमारास लिहिली गेली असावी, असे आता मानतात. ते वचन ज्यांत आहे, अशा ग्रीक प्रती अगदी थोड्या व उत्तरकालीन आहेत.

ह्याहून उद्बोधक प्रकार ‘प्रकटीकरण’ ग्रंथाच्या बाबतीत घडला. इरॅस्मसला ह्या ग्रंथाचे एकच ग्रीक हस्तलिखित उपलब्ध झाले होते व त्याचे शेवटचे पान गळालेले होते. म्हणून अखेरच्या सहा ओव्यांचे लॅटिनवरून ग्रीकमध्ये भाषांतर करून त्याने जागा भरून काढली. ग्रंथातील शब्द गाळणाऱ्यास दिलेला इशारा ह्याच सहा ओव्यांत आहे. अशा माणसाचा ‘जीवनाच्या झाडा’तील वाटा ईश्वर काढून घेईल, असे जुन्या ग्रीक हस्तलिखितांत म्हटले आहे. लॅटिन परंपरेत मात्र ‘झाड’ ह्या शब्दाशी सदृश अशा ‘ग्रंथ’ ह्या शब्दाचा शिरकाव झाला होता. त्यामुळे इरॅस्मसच्या ग्रीक संहितेत आणि तिच्या परंपरेवर आधारलेल्या १६११ च्या इंग्रजी राजाधिकृत भाषांतरात ‘जीवनाचा ग्रंथ’ असा पाठ आला. अशा रीतीने शब्द बदलू नये असे सांगणारे वचनच सुमारे साडेतीनशे वर्षे बदललेल्या रूपात छापले व वाचले जात होते आणि ते बदलण्यात कोणाचाही कपटहेतू नव्हता.

धर्मसुधारणा व ट्रेंटची परिषद : मार्टिन ल्यूथरने (१४८३–१५४६) चर्चच्या परंपरेपेक्षा धर्मग्रंथाचे प्रामाण्य श्रेष्ठ मानले. तथापि त्यालाही अर्थनिर्णय टाळता आला नाही. १५२२ च्या जर्मन नव्या करारात रोमकरांस लिहिलेल्या पत्रातील श्रद्धेने मुक्ती मिळते, ह्या आशयाच्या वचनात त्याने ‘केवळ’ हा मूळ ग्रीकमध्ये नसलेला शब्द घातला. वाक्याचा आशय व जर्मन भाषेची प्रकृती ह्यांना तो आवश्यकच आहे, असे समर्थन त्याने १५३० मध्ये केले. इब्री लोकांस पत्र, याकोबाचे पत्र, यहूदाचे पत्र व प्रकटीकरण हे ग्रंथ त्याने अनुक्रमात सर्वांत शेवटी ठेवले. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने ८ एप्रिल १५४६ रोजी प्रमाणग्रंथांची यादी निश्चित केली, व्हल्गेट ही अधिकृत संहिता ठरविली आणि चर्चला मान्य असलेल्या अर्थाविरुद्ध धर्मग्रंथाचा अर्थ लावण्यास मनाई केली. परंतु व्हल्गेटच्या प्रतींतही पाठभेद होतेच. पोप पाचवा सिक्स्टस ह्याच्या आज्ञेने १५९० मध्ये प्रसिद्ध झालेली आवृत्ती त्याच्या मृत्यूनंतर मागे घ्यावी लागली व १५९२ मध्ये पोप आठवा क्लेमेंट ह्याच्या काळात सुधारित आवृत्ती निघाली.

ह्या धोरणाचा परिणाम भारतातही झाला. गोव्याचा आर्चबिशप आलेशू द मेनेझिस ह्याने १५९९ मध्ये केरळातील उदयंपेरूर (दियांपर) येथे बोलाविलेल्या धर्मसभेने तेथील प्राचीन ख्रिस्ती समाजाची सिरियाक हस्तलिखिते व्हल्गेटप्रमाणे दुरुस्त करण्याचा आदेश दिला. त्या संहितेत नसलेले ग्रंथ आणि व्यभिचारी स्त्रीची कथा, स्वर्गातील तीन साक्षींचे वचन इ. उतारे समाविष्ट करावेत, असे ठरले. हे उतारे पाखंडी मतामुळे गाळले गेले, अशी सभेची समजूत होती. वस्तुतः हे दोन्ही उतारे मागाहून आलेले आहेत, असे पाठचिकित्सकांनी नंतर दाखवून दिले. म्हणजे ह्या बाबतीत केरळच्या प्रती अधिक जुन्या परंपरेच्या होत्या आणि शुद्धीकरणाच्या नावाखाली त्यांत भर पडली.

पाठचिकित्सेचा विकास : जॉन मिलने १७०७ मध्ये ऑक्सफर्ड येथे प्रसिद्ध केलेल्या ग्रीक नव्या करारात सु. ३०,००० पाठभेद नोंदविले. श्रद्धेचा पाया खचेल, अशी भीती अनेकांनी व्यक्त केली. परंतु साधने जितकी अधिक, तितकी मूळ पाठ ओळखण्याची शक्यता अधिक, हे हळूहळू पटत गेले. योहान आल्ब्रेख्ट बेंगेलने (१६८७–१७५२) सोप्या पाठापेक्षा अवघड पाठ अधिक ग्राह्य मानावा, असा नियम सांगितला. कारण नकलकार सोपे अवघड करीत नाही, अवघड सोपे करतो. कॉन्स्टंटीन फोन टिशेनडॉर्फने सिनाई पर्वताच्या पायथ्याच्या मठात १८४४ व १८५९ मध्ये चौथ्या शतकातील एका महत्त्वाच्या हस्तलिखिताचा शोध लावला. ह्या ‘सिनाइटिकस’ प्रतीच्या व रोममधील ‘व्हॅटिकेनस’ प्रतीच्या साहाय्याने वेस्टकॉट व हॉर्ट ह्या केंब्रिजच्या विद्वानांनी १८८१ मध्ये नवी ग्रीक संहिता प्रसिद्ध केली. त्याच वर्षी इंग्रजी नव्या कराराची सुधारित आवृत्ती निघाली. तीत तीन साक्षींचे वचन नव्हते आणि ‘जीवनाचे झाड’ परत आले होते.

ही पद्धती महाराष्ट्रातील वाचकाला अपरिचित नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने हजाराहून अधिक हस्तलिखिते धुंडाळून महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती १९६६ मध्ये पूर्ण केली, तिच्यामागे हीच दृष्टी होती. त्यापूर्वी संत एकनाथांनी शके १५०६ (१५८४) मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तेव्हा पाठ शोधून दुरुस्त करणे आणि आपल्या पदरची ओवी घालण्यास निषेध करणे, ही दोन्ही कार्ये एकाच हाताने झाली. दुरुस्ती व बदल ह्यांतील हा भेद बायबलच्या संहितेसही लागू पडतो. पाठचिकित्सेने केलेले फेरफार नवे काही घालण्यासाठी नसून अधिक जुन्या पाठाकडे जाण्यासाठी आहेत.

तरीही हे फेरफार केवळ विद्वत्तेचा विषय नव्हते. मार्ककृत शुभवर्तमानाच्या शेवटच्या बारा ओव्या वरील दोन्ही प्राचीन प्रतींत नाहीत. त्या ओव्यांत श्रद्धावंत साप हाती धरतील व विषाने त्यांना अपाय होणार नाही, असे वचन आहे. अमेरिकेतील ॲपलॅशियन डोंगराळ भागात विसाव्या शतकाच्या आरंभापासून काही लहान ख्रिस्ती मंडळ्या ह्या वचनाच्या आधारे उपासनेत विषारी साप हाताळीत आल्या असून त्यात अनेकांचे प्राण गेले आहेत. योहानकृत शुभवर्तमानातील व्यभिचारी स्त्रीची कथाही ह्या दोन प्रतींत नाही. स्त्रियांना मोकळीक मिळेल ह्या भीतीने ती काहींनी काढून टाकली असावी, असे ऑगस्टीनला वाटे. आजचे बहुतेक संपादक ती मागाहून आलेली मानतात. मात्र तिच्यामागे जुनी आठवण असणे शक्य आहे, म्हणून ती कंसात छापतात. जी कथा ख्रिस्ती करुणेचे प्रतीक बनली, ती मूळ ग्रंथात नव्हती म्हणून काढून टाकावी, असे फारच थोड्या चर्चसंस्थांना वाटले. प्राचीनता आणि प्रामाण्य ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे ह्यावरून दिसते.

अर्थांतराचे प्रसंग : शब्द कायम राहूनही अर्थ बदलल्याची अनेक उदाहरणे आहेत. ‘यहोशवा’ ग्रंथात सूर्य आकाशात थांबल्याचे वर्णन आहे. ह्या व तत्सम वचनांच्या आधारे १६१६ मध्ये पृथ्वी फिरते हे मत धर्मग्रंथाविरुद्ध ठरविण्यात आले व १६३३ मध्ये गॅलिलीओला शिक्षा झाली. गॅलिलीओने १६१५ मधील पत्रात ऑगस्टीनचाच आधार घेऊन, धर्मग्रंथाचा उद्देश खगोलशास्त्र शिकविण्याचा नाही, असे प्रतिपादन केले होते. पृथ्वीचे भ्रमण मांडणाऱ्या ग्रंथांवरील बंदी हळूहळू शिथिल होऊन १८३५ च्या निषिद्ध ग्रंथसूचीतून त्यांची नावे गळाली. १९९२ मध्ये पोप दुसरा जॉन पॉल ह्यांनी त्या काळच्या धर्मशास्त्रज्ञांची चूक मान्य केली. ‘यहोशवा’तील एकही शब्द मात्र बदलला गेला नाही.

गुलामगिरीचा प्रश्न अधिक कठीण होता, कारण तेथे वाच्यार्थ गुलामांच्या मालकांच्या बाजूचा होता. दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे, असे पौलाच्या नावावरील पत्रांत म्हटले आहे आणि लेवीय नियमांत परकीय दास बाळगण्यास अनुज्ञा आहे. दास्यविरोधकांनी ईश्वराने मानवाला आपल्या प्रतिरूपात निर्मिले हे वचन, मिसरच्या दास्यातून इस्राएलांची झालेली सुटका आणि ख्रिस्तात दास व स्वतंत्र असा भेद नाही हे गलतीकरांस लिहिलेले वाक्य ह्यांवर भर दिला. सुट्या वचनांविरुद्ध ग्रंथाचा समग्र आशय, असे ह्या वादाचे स्वरूप होते. १८०७ मध्ये लंडन येथे वेस्ट इंडीजमधील गुलामांसाठी बायबलचे निवडक उतारे प्रसिद्ध झाले. त्यांत जुन्या कराराचा सु. नऊ-दशांश भाग व नव्या कराराचा सु. निम्मा भाग वगळला होता. मिसरमधून झालेल्या सुटकेचा वृत्तांत त्यात नव्हता. धर्मग्रंथात बदल करू नये, असे मानणाऱ्या समाजातच हा संक्षेप छापला गेला. कोणता अर्थ निघू शकतो, हे गाळणारे नेमके जाणून होते. अमेरिकेत ह्याच प्रश्नावरून बॅप्टिस्ट पंथात फूट पडून १८४५ मध्ये दक्षिणेची वेगळी संघटना स्थापन झाली. तिने १९९५ मध्ये आपल्या पूर्वीच्या भूमिकेबद्दल क्षमा मागितली.

येशूच्या मृत्यूचा दोष सर्व यहुद्यांवर पिढ्यान् पिढ्या लादण्यासाठी मत्तयकृत शुभवर्तमानातील जमावाच्या उद्‌गाराचा उपयोग शतकानुशतके झाला व त्याची किंमत यहुद्यांना छळाच्या रूपाने मोजावी लागली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये हा अर्थ स्पष्टपणे नाकारला. स्त्रियांच्या बाबतीत रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सोळाव्या अध्यायातील एका नावाचे उदाहरण लक्षणीय आहे. प्रेषितांमध्ये नामांकित म्हणून उल्लेखिलेली व्यक्ती प्राचीन भाष्यकारांच्या मते ‘जूनिया’ नावाची स्त्री होती. १९२७ पासूनच्या प्रमाण ग्रीक आवृत्त्यांत केवळ स्वराघाताचे चिन्ह बदलून ते पुरुषाचे नाव करण्यात आले आणि १९९८ मध्ये ते पुन्हा स्त्रीचे झाले. स्त्रियांना दीक्षा द्यावी की नाही, ह्या वादात ह्या एका चिन्हाला महत्त्व आले.

आधुनिक भूमिका : एकोणिसाव्या शतकातील ऐतिहासिक चिकित्सेमुळे बायबलमधील ग्रंथांचे कर्तृत्व, काळ व घडण ह्यांचा शोध सुरू झाला. नाताळचा बिशप जॉन कोलेंझो ह्याने जुन्या कराराच्या पहिल्या पाच ग्रंथांतील आकडे व घटना शब्दशः घेता येत नाहीत, असे १८६२ पासून मांडले. त्याच्या झुलू सहकाऱ्याने जलप्रलयाच्या कथेविषयी विचारलेल्या प्रश्नांनी त्याला ह्या विचाराकडे वळविले होते. १८६३ मध्ये त्याला पदच्युत करण्यात आले, पण १८६५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो निर्णय अवैध ठरविला.

रोमन कॅथलिक चर्चची वाटचाल सावध होती. तीन साक्षींच्या वचनाच्या अस्सलपणाविषयी निर्धास्तपणे शंका घेता येणार नाही, असे रोमच्या धर्मन्यायासनाने १८९७ मध्ये सांगितले. १९२७ मध्ये ह्या विषयाचे संशोधन करण्यास मुभा असल्याचे स्पष्टीकरण झाले आणि १९७९ च्या नव्या व्हल्गेटमधून ते वचन गळाले. दरम्यान १९४३ मध्ये पोप बारावा पायस ह्याने मूळ भाषांतील संशोधनास व वाङ्मयप्रकारांच्या अभ्यासास उत्तेजन दिले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये परंपरेच्या आकलनात वाढ होत असते, हे तत्त्व मान्य केले.

प्रॉटेस्टंट पंथीयांतील मूलतत्त्ववादी गटांनी ह्याविरुद्ध बायबलच्या शब्दशः निर्दोषत्वाचा आग्रह धरला. १९५२ मध्ये अमेरिकेतील नव्या इंग्रजी भाषांतरात ‘यशया’ ग्रंथातील एका हिब्रू शब्दासाठी ‘कुमारी’ऐवजी ‘तरुण स्त्री’ असा शब्द आला, तेव्हा एका धर्मोपदेशकाने ते पान जाहीरपणे जाळले. हिब्रू शब्दाचा अर्थ ‘तरुण स्त्री’ असाच आहे; ‘कुमारी’ हा अर्थ सेप्टुअजिंटच्या ग्रीक शब्दातून मत्तयाच्या शुभवर्तमानात आला होता. शिकागो येथे १९७८ मध्ये इव्हँजेलिकल विद्वानांनी प्रसिद्ध केलेल्या निवेदनात मात्र हे निर्दोषत्व काटेकोरपणे मूळ हस्तलिखितांपुरतेच असल्याचे म्हटले आहे. ती हस्तलिखिते उपलब्ध नसल्यामुळे ह्या भूमिकेलाही पाठचिकित्सेचा आश्रय घ्यावा लागतो.

मराठी भाषांतरे : भाषांतर हेही अर्थविवरणच होय, ह्याचा प्रत्यय मराठीत येतो. फादर टॉमस स्टीफन्सचे क्रिस्तपुराण (१६१६) हे भाषांतर नसून बायबलमधील वृत्तांताचे सु. अकरा हजार ओव्यांतील पुराणपद्धतीचे कथन आहे. विल्यम केरीच्या प्रेरणेने श्रीरामपूर येथे १८०५ मध्ये मत्तयकृत शुभवर्तमान व १८११ मध्ये नवा करार मराठीत छापला गेला. पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलचे स्वतंत्र भाषांतर केले. त्यांच्या मृत्यूनंतर ते १९२४ मध्ये केडगाव येथे प्रसिद्ध झाले. सामान्य स्त्रियांना कळेल अशी सोपी, संस्कृतप्रचुरता टाळणारी मराठी त्यांनी हेतुपूर्वक योजली. कोणता शब्द निवडावयाचा, हे ठरविताना वाचक कोण, हेही ठरत होते.

समारोप : बायबलमध्ये बदल होऊ शकतो काय, ह्या प्रश्नाला इतिहास सरळ होकार वा नकार देत नाही. प्रमाणग्रंथांत उघडपणे नवी भर घालण्याचे प्रयत्न मुख्य पंथांत टिकले नाहीत. संहितेतील लक्षणीय बदल नकळत वा सद्‌हेतूने झाले आणि ते शोधून दूर करण्याचे काम बव्हंशी श्रद्धावंत विद्वानांनीच केले. अर्थ मात्र सतत बदलत राहिला. त्याला ‘वाढ’ म्हणावे की ‘बदल’, ह्याविषयी पंथांत मतभेद आहेत व ते आजही स्त्रियांची दीक्षा, विवाह, देहदंड अशा प्रश्नांच्या निमित्ताने व्यक्त होतात. रोमन कॅथलिक चर्चने २०१८ मध्ये देहदंड अग्राह्य ठरविला. त्याआधी कित्येक शतके तो बायबलमधील वचनांच्या आधारेच समर्थिला जात होता. मी केवळ ग्रंथात आहे तेवढेच सांगतो, अर्थ लावीत नाही, हे म्हणणे कोणत्याही पक्षाला पूर्णपणे निभावता आलेले नाही. प्रत्येक वाचनात निवड असते आणि त्या निवडीचे परिणाम कैद्याला, दासाला, स्त्रीला वा परधर्मीयाला भोगावे लागतात. म्हणून ग्रंथ बदलतो काय, ह्याइतकाच त्याचा अर्थ कोण, कोणासाठी व कोणत्या कसोटीने लावतो, हा प्रश्न ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात निर्णायक ठरला आहे.